ओळी मोजून ‘ऑथेल्लो’ कळत नाही

‘ऑथेल्लो’ हे खरं तर इयागोचं नाटक आहे, असं म्हणायची एक पद्धत पडून गेली आहे. नाटक शिकवणारे, नाटकावर लिहिणारे आणि नाटक बसवणारेही हे इतक्या खात्रीनं सांगतात की पुढे कुणी काही विचारत नाही. पुरावा म्हणून आकडे दिले जातात. बायको डेस्डिमोनाविरुद्ध ऑथेल्लोचे कान भरणाऱ्या इयागोच्या तोंडी सुमारे १,१०० ओळी, ऑथेल्लोच्या तोंडी ९०० च्या आत, डेस्डिमोनाच्या ४०० च्या आत. नाटकातल्या एकूण बोलण्याचा जवळपास तिसरा हिस्सा एकट्या इयागोचा. शेक्सपिअरच्या मोठ्या भूमिकांत हॅम्लेट आणि तिसरा रिचर्ड यांच्या पाठोपाठ इयागोचं नाव घेतलं जातं. तेव्हा ज्याच्या ओळी जास्त त्याचं नाटक. शीर्षकात दुसऱ्याचं नाव आहे ते केवळ रिवाज म्हणून.

हा युक्तिवाद चुकीचा आहे, आणि तो निरुपद्रवीही नाही. याच हिशेबानं संहितेला कात्री लागते. ज्यांच्या ओळी कमी त्यांच्या ओळी आधी जातात, आणि या नाटकात कमी ओळी कुणाच्या आहेत हे सांगायला नको: तिन्ही बायकांच्या, म्हणजे डेस्डिमोना, इयागोची बायको एमिलिया आणि ऑथेल्लोचा सहायक कॅसिओ याची प्रेयसी बिआन्का यांच्या. म्हणून या म्हणण्याचा नीट समाचार घ्यायला हवा.

समोरच्या बाजूचं जे खरं आहे ते आधी मान्य करतो. इयागो प्रेक्षकाला जवळचा वाटतो. तो आपल्याला विश्वासात घेऊन बेत सांगतो, आपल्या देखत तो पार पाडतो आणि पुन्हा येऊन पुढचा बेत सांगतो. व्हर्दी आणि त्याचा संहिताकार बोइतो या नाटकावर ऑपेरा रचत होते तेव्हा बराच काळ त्या कामाला ‘इयागो’ असंच म्हटलं जात होतं. लंडनच्या लायसियम थिएटरात १८८१ साली हेन्री अर्व्हिंग आणि एडविन बूथ यांनी या दोन भूमिका आलटून-पालटून केल्या, म्हणजे नटांच्या लेखीही इयागो दुय्यम नव्हता. आपल्याकडे या नाटकावरचा ‘ओमकारा’ हा चित्रपट पाहून आलेला माणूस बहुतेक वेळा त्यातल्या इयागोबद्दल, म्हणजे लंगडा त्यागीबद्दलच बोलतो. हे सगळं कबूल. पण यातून निघतं ते एवढंच की इयागो ही मोठी आणि नटाला हवीहवीशी भूमिका आहे. भूमिका मोठी असणं आणि नाटक त्या भूमिकेचं असणं यांत अंतर आहे, आणि ओळींची बेरीज ते अंतर दाखवू शकत नाही.

मोजणीतच आधी घोळ आहे. पद्याची ओळ मोजता येते. गद्याची ओळ छापील पानाच्या रुंदीवर ठरते. डेस्डिमोनाची आस धरून बसलेल्या रॉडेरिगोशी बोलताना इयागो बऱ्याचदा गद्यावर येतो. पहिल्या अंकाच्या शेवटी गाठीला पैसे बांध म्हणून तो त्याच्या पुन्हा पुन्हा मागे लागतो, तो मजकूर गद्य आहे. पद्याची एकच ओळ दोन पात्रांत अर्धी-अर्धी वाटलेली असते, ती कुणाच्या खात्यात धरायची? या नाटकात अशा तुटलेल्या ओळी पुष्कळ आहेत आणि त्या नेमक्या महत्त्वाच्या जागी आहेत. ओळींऐवजी शब्द मोजले की ही अडचण सुटते. पण शब्द कुणाला उद्देशून आहेत, हा प्रश्न तसाच राहतो.

इयागोच्या बोलण्याचा फार मोठा वाटा रॉडेरिगोकडे आणि आपल्याकडे, म्हणजे प्रेक्षकांकडे, जातो. रॉडेरिगो हा कधीच न शिकणारा श्रोता. प्रेक्षक उत्तर देऊ शकत नाही. जिथे कुणी उलट प्रश्न विचारणार नाही तिथे इयागो भरभरून बोलतो. एकटा असताना तो कारणं देतो: आपल्याऐवजी कॅसिओला बढती मिळाली, मग ऑथेल्लो आणि आपली बायको यांच्याबद्दलची कुजबुज, मग कॅसिओबद्दलही तोच संशय. एक कारण पुरेसं असतं तर दुसरं लागलं नसतं. अशा भाषणांनी आकडा फुगतो, आणि मोजणारे त्या फुगलेल्या आकड्याला वजन समजतात.

आता हाच इयागो व्हेनिसच्या सिनेटपुढे काय करतो ते पाहा. मध्यरात्री राज्यकर्ते जमले आहेत, तुर्कांच्या आरमाराची बातमी आली आहे, आणि ब्रॅबॅन्शिओ आपली मुलगी डेस्डिमोना ऑथेल्लोनं जादूटोण्यानं पळवली अशी फिर्याद करतो आहे. इयागो तिथे हजर आहे. डेस्डिमोनाला आणायला त्यालाच पाठवतात, तिला घेऊन तो परत येतो, आणि ती सभा उठेपर्यंत त्याच्या तोंडून एक शब्दही निघत नाही. जिथे साक्ष तपासली जाते, दोन्ही बाजू ऐकल्या जातात, तिथे इयागोला जागाच नाही. या सभेच्या आधीच्या प्रवेशांत तो आणि रॉडेरिगो ऑथेल्लोला नावानं पुकारतच नाहीत. हिणकस विशेषणं लावून त्याच्याबद्दल बोलतात. ‘ऑथेल्लो’ हे नाव पहिल्यांदा कानावर पडतं ते इथे, ड्यूकच्या तोंडून आणि गौरवानं.

या प्रवेशात ऑथेल्लो लांबलचक भाषण करतो आणि त्यात सांगतो काय, तर आपण बोलत होतो आणि ती ऐकत होती. लढायांच्या, गुलामगिरीच्या, दूरदेशांच्या हकिकती तो तिच्या बापाला सांगायचा. घरातलं काम भराभर उरकून ती पुन्हा येऊन बसायची, राहिलेला धागा ऐकायला. त्यांच्या प्रेमाची सुरुवातच या वाटणीतून झाली आहे: एक सांगणारा, एक ऐकणारी. मग ती स्वतः बोलते. तिच्या वाट्याला या संपूर्ण प्रवेशात तीसच्या आत ओळी येतात आणि तेवढ्यानं निकाल लागतो. बापाला ती सांगते की माझी आई जशी तुमच्याकडे आली तशी मी यांच्याकडे आले. पुढे लढाईवर निघालेल्या नवऱ्याबरोबर सायप्रसला जायची परवानगी ती स्वतःच मागते. सिनेट तिचं म्हणणं ग्राह्य धरतं. तीसपेक्षा कमी ओळींत एका बाईनं राज्याच्या सर्वोच्च सभेपुढे आपली बाजू जिंकली. बेरजेच्या तक्त्यात या ओळींचा भाव इयागोच्या पैसे जमवण्याच्या उपदेशाइतकाच.

या नाटकात खरा व्यवहार चालतो तो कुणाच्या शब्दाला पत आहे याचा. पहिल्या अंकात ऑथेल्लोच्या आणि डेस्डिमोनाच्या शब्दाला पत आहे. पाचव्या अंकापर्यंत ती काढून घेतली जाते. कशी काढून घेतली जाते हे तिसऱ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात दिसतं, आणि तिथे इयागो कमीत कमी बोलून काम करतो. कॅसिओ डेस्डिमोनाशी बोलून घाईनं निघून जातो, तेवढ्यात ऑथेल्लो येतो. इयागो पुटपुटतो की हे काही बरं दिसत नाही. काय म्हणालास, असं विचारल्यावर काही नाही म्हणतो. थोड्या वेळानं सहज विचारल्यासारखा प्रश्न: तुमच्या लग्नाआधीच्या गाठीभेटी कॅसिओला माहीत होत्या का? ऑथेल्लो सरळ उत्तर देतो की होत्या, तो तर आमच्यात निरोप नेत असे. त्यावर इयागो ऑथेल्लोचेच शब्द प्रश्न करून परत करतो. हे इतकं होतं की ऑथेल्लो चिडून म्हणतो, हा माझाच प्रतिध्वनी काढतो आहे, याच्या मनात काहीतरी भयंकर लपलं असावं.

तालमीत ही जागा बसवताना कळतं की इथे इयागोचं बळ अर्धवट सोडलेल्या वाक्यात आहे. उरलेलं वाक्य ऑथेल्लो पुरं करतो. संशयाचा तपशील ऑथेल्लो स्वतःच्या कल्पनेतून भरतो: आपला वर्ण, आपलं वय, आपल्याला न जमणारं दरबारी गोड बोलणं. चौथ्या अंकात तर ऑथेल्लोची भाषाच मोडते. सिनेटपुढे एकेक वाक्य ऐटीत उभं करणारा माणूस तुटक गद्यावर येतो, डेस्डिमोनाला दिलेल्या आणि आता कॅसिओकडे असलेल्या रुमालावरून ‘रुमाल, कबुली, रुमाल’ असं बरळतो आणि झटका येऊन खाली पडतो. त्याच्या ओळींची संख्या घटल्याचा पुरावा म्हणून हा भाग मोजणीत येतो. मला तर नाटकाचा कणाच इथे दिसतो. ज्याची भाषा मोडली तर आपलं काळीज हलतं, नाटक त्याचं.

कुणी किती बोललं हे मोजायचंच असेल तर त्याआधी कुणाचं कुणाशी बोलणं झालं हे मोजा. दुसऱ्या अंकात दारूच्या भांडणानंतर ऑथेल्लो कॅसिओला हुद्द्यावरून काढतो. त्यानंतर पाचव्या अंकाच्या शेवटच्या प्रवेशापर्यंत या दोघांत एकही संवाद नाही. तिसऱ्या अंकात ऑथेल्लो येताना दिसताच कॅसिओ निघून जातो. चौथ्या अंकात कॅसिओ येतो तेव्हा ऑथेल्लो बेशुद्ध असतो. मग इयागो ऑथेल्लोला आडोशाला उभं करतो आणि कॅसिओशी बिआन्काबद्दल चेष्टेनं बोलतो. ऑथेल्लोला शब्द नीट ऐकू येत नाहीत, हसणं आणि हातवारे दिसतात, आणि ते आपल्या बायकोबद्दल आहेत असं तो धरून चालतो. पाचव्या अंकाच्या सुरुवातीला अंधारात कॅसिओची किंकाळी ऐकून तो मेला असं समजतो. म्हणजे जवळजवळ तीन अंक हे दोघे एकमेकांना दिसतात, ऐकू येतात, पण बोलत नाहीत. शेवटी ऑथेल्लो त्याला विचारतो की माझ्या बायकोचा रुमाल तुझ्याकडे कसा आला. कॅसिओ तीन-चार ओळींत सांगतो की माझ्या खोलीत सापडला, आणि तो मुद्दाम टाकला होता हे याच माणसानं आता कबूल केलं आहे. इतकंच. या एका प्रश्नोत्तरानं सगळा डोलारा कोसळतो. इयागोच्या अकराशे ओळी ज्या एका न झालेल्या संवादाच्या जागी उभ्या आहेत तो कुठल्याही तक्त्यात दिसत नाही, कारण तक्ता फक्त झालेलं बोलणं मोजतो.

यावर कुणी म्हणेल की ऑथेल्लोनं कुणालाच विचारलं नाही, म्हणून इयागोचं फावलं. तेही खरं नाही. चौथ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात तो एमिलियाला खोदून खोदून विचारतो. ती स्पष्ट सांगते की मी दोघांच्या बोलण्यातला शब्द न् शब्द ऐकला आहे, मला कधी बाहेर पाठवलं नाही, त्यांनी कधी कुजबुज केली नाही, आणि माझ्या बाईच्या शुद्धतेवर मी माझा आत्मा पणाला लावते. पुरी, नि:संदिग्ध, प्रत्यक्षदर्शी साक्ष. ऑथेल्लो ती ऐकतो आणि झिडकारतो. ही असल्याच धंद्यातली, हिच्याकडून दुसरं काय येणार, असं मनाशी ठरवतो. मग डेस्डिमोनाही शपथेवर सांगते, तिलाही तो खोटी ठरवतो. खरं बोलणाऱ्या दोन बायका त्याच्या समोर आहेत, त्यांना ओळीही पुरेशा मिळाल्या आहेत. कमी पडला तो विश्वास, आणि तो पुरुषाच्या सूचक अर्ध्या वाक्याला आधीच बहाल झाला होता. इयागोचं नाटक असं म्हटलं की ही जबाबदारी ऑथेल्लोवरून आणि त्या समाजावरून उतरते. मला या मताचा सर्वांत जास्त राग येतो तो इथे.

एमिलियाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण बेरजेचा तक्ता तिच्यावर सर्वांत मोठा अन्याय करतो. तिसऱ्या अंकात खाली पडलेला रुमाल तीच उचलते आणि नवरा केव्हाचा मागत होता म्हणून त्याला देते. पुढच्याच प्रवेशात डेस्डिमोना तिला विचारते, माझा रुमाल गेला तरी कुठे? एमिलिया म्हणते, मला माहीत नाही. या तीन शब्दांनंतर लगेच ऑथेल्लो येतो, रुमाल मागतो, हट्टाला पेटतो, आणि एमिलिया शेजारी उभी राहून ऐकते. तिच्या जिभेवर असलेल्या एका वाक्यानं त्या क्षणी नाटक थांबलं असतं. ती गप्प राहते. एमिलियाच्या भूमिकेत ही जागा सर्वांत अवघड आहे आणि तिथे तिला एकही ओळ नाही.

शेक्सपिअरनं ही कथा चिंथिओच्या १५६५ सालच्या इटालियन कथासंग्रहातून घेतली. तिथे नाव आहे ते एकट्या डिस्डिमोनाला; इयागोच्या जागचा माणूस नुसता निशाणधारी आहे. त्याच्या बायकोला कट ठाऊक असतो, पण नवऱ्याच्या भीतीनं ती तोंड उघडत नाही. शेक्सपिअरनं निशाणधाऱ्याला नाव आणि अकराशे ओळी दिल्या, यावर मोजणारे बोट ठेवतात. त्यानं निशाणधाऱ्याच्या बायकोचं काय केलं यावर कुणी ठेवत नाही. त्यानं तिला कटापासून अनभिज्ञ ठेवलं आणि शेवटी, कळल्याबरोबर, जिवावर उदार होऊन बोलायला लावलं.

तो शेवटचा प्रवेश डोळ्यांपुढे आणा. डेस्डिमोना पलंगावर मेलेली आहे. मरता मरताही तिनं नवऱ्याचं नाव घेतलं नाही, दोष स्वतःकडे घेतला. एमिलिया आरडाओरडा करून लोक जमवते. इयागो येतो आणि या प्रवेशात त्याला मिळतात त्या तुटक, आखूड ओळी. बायकोला तो म्हणतो, जीभ आवर. ती आवरत नाही. घरी जा म्हणतो. ती जमलेल्या सरदारांकडे बोलायची परवानगी मागते आणि सांगते की एरवी नवऱ्याचं ऐकणं योग्य, पण आत्ता नाही. कदाचित आता मी कधीच घरी जाणार नाही. रुमालाचा विषय निघतो तेव्हा तिला सगळं उलगडतं आणि ती बोलतच सुटते. तिला थांबवायला इयागोकडे आता शब्द उरलेला नाही, म्हणून तो तलवार काढतो. बायको मरते. थोड्या वेळानं, पकडला गेल्यावर, तो जाहीर करतो की यापुढे आपण एक शब्दही बोलणार नाही, आणि खरोखर बोलत नाही. इतकं बोललेला माणूस शेवटी गप्प उभा आहे, आणि त्यानंतरचं शेवटचं मोठं भाषण ऑथेल्लोला मिळतं. नाटककारानं हिशेब मांडलाच असेल तर तो असा मांडला आहे. ‘ओमकारा’त विशाल भारद्वाजनं हे बरोबर हेरलं: लंगडा त्यागीचा शेवट त्याची बायको इंदू स्वतःच्या हातानं करते.

व्हर्दीचं उदाहरण तर मोजणाऱ्यांच्या विरोधातच जातं. त्यानं शेवटी ‘इयागो’ हे नाव सोडलं आणि १८८७ साली मिलानच्या ला स्कालात ऑपेरा आला तो ‘ओतेल्लो’ म्हणून. त्याही पुढे जाऊन, चौथा अंक त्यानं डेस्डिमोनाच्या हवाली केला. विलो झाडाचं गाणं आणि तिची प्रार्थना यांवर तो अंक उभा आहे. आपल्याकडे गोविंद बल्लाळ देवलांनी हे नाटक १८९० साली मराठीत आणलं तेव्हा नाव दिलं ‘झुंजारराव’, म्हणजे नायकाचंच. ज्यांना नाटक उभं करायचं होतं त्यांना ते कुणाचं आहे याबद्दल शंका नव्हती.

आणि एक साक्ष शेक्सपिअरच्या हयातीतली आहे. शेक्सपिअरच्या, म्हणजे राजाच्या नाटक कंपनीनं सप्टेंबर १६१० मध्ये ऑक्सफर्डला हे नाटक केलं. तिथल्या हेन्री जॅक्सन नावाच्या विद्वानानं लॅटिन पत्रात जे टिपून ठेवलं ते डेस्डिमोनाबद्दल. तिनं आपली बाजू सतत उत्तम मांडली, पण नवऱ्याच्या हातून मेल्यावर पलंगावर पडलेली असताना नुसत्या चेहऱ्यानं तिनं प्रेक्षकांची करुणा मागितली आणि त्यांना अधिक हलवलं, असा त्याचा अनुभव. त्या काळी ही भूमिका मुलगा करत असे, हे लक्षात घ्या. नाटकाच्या शेवटच्या भागात ते शव रंगभूमीवर सतत दिसत असतं. त्याच्या खात्यात शून्य ओळी.

आता कात्रीकडे येतो. हे नाटक दोन वेगवेगळ्या छापील रूपांत आपल्यापर्यंत आलं: १६२२ ची क्वार्टो आणि १६२३ ची फोलिओ. फोलिओत सुमारे १६० ओळी अशा आहेत ज्या क्वार्टोत नाहीत. त्यांत डेस्डिमोनाचं विलो गाणं आहे आणि चौथ्या अंकाच्या शेवटी एमिलियाचं नवऱ्यांबद्दलचं सुमारे १८ ओळींचं भाषण आहे. या ओळी आधी होत्या आणि गाळल्या, की मागाहून वाढवल्या, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण पुढच्या काळात इंग्लंडच्या रंगभूमीनं काय केलं यावर वाद नाही. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत चौथ्या अंकाचा हा शेवटचा प्रवेश सर्रास कापला जाई आणि बिआन्काला अनेकदा नाटकातूनच काढून टाकलं जाई. वेळ वाचवायचा म्हटलं की आजही दिग्दर्शकाची नजर तिथेच जाते. झोपण्याआधी दोन बायका गप्पा मारतात, एक केस मोकळे करवून घेते, एक गाणं अर्धवट म्हणते. कथानक पुढे सरकत नाही, ओळी कमी आहेत, द्या काढून.

कथानक तिथेच सरकतं. नवऱ्यानं दगा दिला तर बायकांनाही राग येतो, वासना असते, दुबळेपणा असतो, हे एमिलिया तिथे पहिल्यांदा मोठ्यानं म्हणते, आणि ऐकणारी बाई आहे म्हणून म्हणते. नवऱ्याची आज्ञा मोडणारी शेवटच्या प्रवेशातली एमिलिया याच भाषणातून येते. ते काढलं की ती एकाएकी किंचाळायला लागलेली मोलकरीण वाटते, आणि तशी ती बऱ्याच प्रयोगांत वाटतेही.

प्रयोग लांबतो हे मला मान्य आहे. पूर्ण संहिता तीन तासांच्या पुढे जाते. विदूषकाच्या दोन छोट्या जागा सगळेच गाळतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यापुढे कापायचं असेल तर इयागोकडे जा. पहिल्या आणि दुसऱ्या अंकांत मिळून तो तीनदा प्रेक्षकांना तोच बेत थोड्या फरकानं सांगतो. रॉडेरिगोची समजूत तो वारंवार काढतो आणि दरवेळी युक्तिवाद तोच असतो. बंदरावर जहाजाची वाट पाहताना बायकांवर तो टिंगलीच्या कविता रचतो, त्याही आखूड करता येतील. इयागो करणारा नट कुरकुरेल, आणि बहुधा तोच कंपनीतला मोठा नट असेल. त्याला सांगावं की तुझ्या १,१०० तल्या १०० गेल्या तरी तिसऱ्या अंकातली तुझी अर्धी वाक्यं जागेवर आहेत, आणि तुझं काम ती करतात. एमिलियाच्या मात्र १८ च्या १८ राहू द्याव्यात.